धुतलेल्या पऱ्हाट्या

फाल्गुन संपत आला की वाळूजच्या पुढे, गंगापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना धूर दिसायला लागतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते. बोंडं गेल्यावर उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून बांधाला लावलेल्या असतात आणि कुणीतरी त्यांना काडी लावून मोकळं झालेलं असतं. हा धूर आधी गोडसर लागतो आणि मग कडू होऊन घशात बसतो. गाडीत मागे बसलेले माझे विद्यार्थी पटापट काचा वर करतात. मी माझी काच खालीच ठेवते. त्या वासात काय काय आहे ते मला वेगवेगळं सांगता येतं. यात फुशारकी काही नाही, तो माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

शेतात उरलेला काडीकचरा तापवला तर तो केव्हा सुटायला लागतो, किती वेगानं सुटतो आणि शेवटी त्याचा किती कोळसा उरतो, याची गणितं मी मांडते. जळणं निराळं आणि हे निराळं. इथं हवा लागू द्यायची नसते. नुसती उष्णता द्यायची आणि वस्तू आपली आपण कशी मोडते ते बघत बसायचं. माझं लग्न जमवण्याच्या काळात हे समजावून सांगताना आमच्या दादाची फार पंचाईत व्हायची. "बहीण काय करती?" असं कुणी विचारलं की तो थोडा वेळ मान खाजवायचा आणि म्हणायचा, "कचरा जाळती. मशीनमदी." पाहुणे उरलेला चहा पिऊन निघून जायचे.

यंदा पावसानं पुन्हा ओढ दिली. शहर मात्र वाढतंच आहे. गेल्या वर्षी ज्या रानात पऱ्हाट्या पेटलेल्या पाहिल्या, तिथं आता चुन्याच्या रेघा मारल्यात, सिमेंटचे खुंट रोवलेत आणि 'बिगरशेती प्लॉट' असा फलक लागलाय. फलकावर एका हिरव्यागार बागेचं चित्र आहे, मधोमध कारंजं. त्या कारंज्याला पाणी कुठून येणार, असा प्रश्न चित्र काढणाऱ्याला पडलेला दिसत नाही. आमच्या कॉलनीतही नळाला पाणी येतं त्या दिवशी सणासारखी धावपळ असते आणि येत नाही त्या दिवशी टँकर. गच्चीवरची टाकी भरल्याचा आवाज आला की मला अजूनही हुश्श वाटतं, आणि त्याच्या पाठोपाठ लाज वाटते.

ही लाज जुनी आहे. ती दर वर्षी या धुराबरोबर येते आणि रोहिण्या लागेपर्यंत राहते. मी कुणाचं काही हिसकावलेलं नाही, कुणाला फसवलेलं नाही. अपराध केला असता तर माफी मागून सुटता आलं असतं. मला जे मिळालं ते लोकांनी आपणहून, हसत हसत दिलं होतं, आणि तेवढं घ्यायची माझी लायकी नव्हती. हे सांगायचं कुणाला, आणि कोणत्या तोंडानं?

तो उन्हाळा एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाचा. या शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आलं होतं, सगळ्या विभागाचा जीव त्याच्यात. लहान कपाटाएवढं, आत एक भट्टी आणि त्या भट्टीत टांगलेला तराजू. तराजूच्या पारड्यात नमुना ठेवायचा तो इतकासा की नखातला मळ जास्त भरेल. मग नायट्रोजन सोडायचा, हवा हाकलायची आणि ठरलेल्या गतीनं उष्णता वाढवत न्यायची. वजन घटत जातं तशी पडद्यावर रेघ उतरत जाते. पहिला उतार पाण्याचा. कितीही वाळवलेली काडी घ्या, तिच्यात थोडं पाणी लपलेलं असतंच, ते आधी उडून जातं. मग रेघ थोडा वेळ सपाट चालते, जणू काही झालंच नाही. आणि मग एकदम कडा उतरल्यासारखी खाली येते. त्या उताराचा आकार गणितात पकडायचा, काडी सुटायला किती ऊर्जेचा रेटा लागला ते काढायचं, हे माझं काम.

त्यातली एक गोष्ट मला आजही चमत्कारिक वाटते. तीच काडी भरभर तापवली तर ती जास्त तापमानापर्यंत टिकते आणि हळूहळू तापवली तर कमी तापमानालाच मोडते. मुलांना हे आधी पटत नाही. त्यांना वाटतं, सावकाश तापवलं तर वस्तूला सवय होईल. सवय होत नाही. तिला मोडायला वेळ मिळतो. हे शिकवताना मला दर वेळी आमच्या गावची ती दोन-तीन वर्षं आठवतात. पाऊस एकदम गेला नव्हता. आधी विहिरीचा तळ दिसला, मग हातपंप खोकायला लागला, मग बोअर आटलं, मग टँकर आला आणि मग टँकर चुकायला लागला. मी फळ्यावर तीन गतींच्या तीन रेघा काढते, मुलं त्या उतरवून घेतात आणि तास संपतो.

गाव गंगापूर तालुक्यातलं. आमची माणसं मूळची मेंढरांमागची. आजोबांचं अर्धं आयुष्य कळपामागे चालण्यात गेलं. वडिलांपर्यंत, म्हणजे आबांपर्यंत, येता येता कळपाच्या जागी चार-सहा शेळ्या आणि थोडं कोरडवाहू रान उरलं. दादा वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे रोजावर जायचा. आई मी बी.टेक.ला असतानाच गेली. त्याच्या आदल्या वर्षी दादाचं लग्न झालं होतं, म्हणून घर उघडं पडलं नाही. सविता वहिनी आली तेव्हा ती आणि मी एकाच वयाच्या. बारावीला तिला माझ्याइतकेच मार्क होते. हे मला आईनं सांगितलं होतं. वहिनीनं स्वतः कधीच नाही.

सुट्टीत घरी गेले की आम्ही दोघी पाण्याला जायचो. तेव्हा विहिरीला पाणी होतं. मोठा हंडा माझ्याकडे असायचा, कारण मी उंच आणि मला मिरवायची हौस. वहिनी मागून माझ्या चालीची नक्कल करायची. "ए, कमर मोडून पडशील, मंग कोन करून घेईल तुला?" म्हणायची आणि इतकी हसायची की तिचंच पाणी डचमळायचं. तेव्हा ती मला अगंतुगं करायची. नणंदेचा मान वगैरे आम्ही दोघींनी मिळून विहिरीत बुडवला होता.

एम.टेक.ला लागले आणि काय झालं कोण जाणे. म्हणजे काही झालंच नाही. मी सरळ वागत होते, तीही. पण एका दिवाळीला घरी गेले तर वहिनीनं मला "या ताई" म्हटलं, पाटावर बसवलं आणि चहाबरोबर बशीत बिस्किटं मांडून आणली. आमच्या घरात बिस्किटं बशीत मांडायची पद्धत फक्त पाहुण्यांसाठी होती. मी हसून म्हटलं, "वहिनी, मला काय बघायला आलेत का?" ती हसली नाही. "आता तुमी शिकलेल्या मानूस. आमाला बी काय रीतभात हाय का नाय?" मी बिस्किट बशीत परत ठेवलं. मला एवढंच हवं होतं की तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घालावा आणि म्हणावं, उठ, भांडी घास.

त्या उन्हाळ्यात तर कहरच. टँकर सुरू झाला होता. घरात पाण्याचा एक निळा पिंप, त्यावर फळी आणि फळीवर दगड. आबा गार पाण्यानं तोंड धुवायचे ते ओंजळभर, आणि तेच पाणी खाली घमेल्यात पडून शेळीला जायचं. आणि मी गेले की वहिनी न्हाणीत बादली भरून ठेवायची. पूर्ण. "शहराची सवय हाय, घाम येतो तुमाला." मी म्हणायचे नको, तर दादा आतून ओरडायचा, "घे की आता, काडलंय तिनं!" मी ती बादली कशी वापरायची? तांब्यातांब्यानं, चोरासारखी. अर्धी तशीच ठेवून बाहेर आले की वहिनीचा चेहरा उतरायचा, जणू तिनं वाढलेलं ताट मी उष्टं टाकलं. शेवटी मी सगळी वापरायला लागले. त्या न्हाणीत बसून मला जितकं मळकट वाटलं तितकं कधी शेतात राबूनही वाटलं नव्हतं.

मी टँकरवर येते म्हटलं की ती हंडा हातातून काढून घ्यायची. "तुमी बसा बरं. बाया काय म्हनतील, इंजिनेर नणंदेला पान्याला लावलं!" मी बसायचे. उंबऱ्यावर बसून तिची पाठ बघायचे. तिची चाल आता माझ्यासारखी नव्हती, तिची स्वतःचीही उरली नव्हती. मान ताठ, पावलं आखूड, एक हात कमरेवर.

माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं होतं, नमुने बाजारातून आणण्यापेक्षा ओळखीच्या रानातले आणा. माती कोणती, खत कोणतं, ते तरी माहीत असतं. आमचे सर मोठे मजेदार होते. टेबलावर खारे शेंगदाणे ठेवायचे आणि आमची गणितं तपासताना एकेक टाकायचे. दाणे खायचं थांबले की समजावं, चूक सापडली. चाचणीपुरत्या थोड्या पऱ्हाट्या मी हिवाळ्यात स्वतःच आणल्या होत्या, आमच्याच रानातल्या, माती झटकून. त्यांच्या रेघा छान आल्या होत्या. आता खरे प्रयोग करायचे तर आणखी हव्या होत्या. मी फोनवर वहिनीला म्हटलं, "पऱ्हाट्या जाळल्या नसतील तर थोड्या ठेव. सरांना दाखवायच्यात."

एवढंच म्हटलं. 'सरांना दाखवायच्यात' हे शब्द तिनं कसे ऐकले असतील, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

आमच्यात एक रीत आहे. लेक घरून निघाली की तिच्या पिशवीत जे जाईल ते निवडून, पाखडून, धुऊन द्यायचं. ज्वारी असो, शेंगा असोत, चुलीपुढची दोन वांगी असोत. आई म्हणायची, पिशवी उघडणारा आधी घरातली बाई बघतो आणि मग जिन्नस. मेंढरांमागच्या लोकांना गाववाले मळके म्हणायचे, त्याचा हा जबाब होता. आई गेल्यावर ही रीत वहिनीनं उचलली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दादा कामावर जाताना होस्टेलच्या फाटकाशी पिशवी देऊन गेला. नवीकोरी कापडी पिशवी. आत बोटबोटभर तुकडे केलेल्या पऱ्हाट्या, एका मापाच्या, सुतळीनं जुड्या बांधलेल्या आणि इतक्या लख्ख की लाकूड पिवळसर चमकत होतं. माझी खोलीसोबतीण फरहीन, सिटी चौकाजवळची, तिनं एक तुकडा उचलून हुंगला. "ये क्या लाई गे? दातून?" मग स्वतःच्या दातांवर घासून बघितला आणि थुंकली. "नक्को बाबा, कडू है." आम्ही पोट धरून हसलो. मला अभिमानही वाटला. बघ, माझी वहिनी किती टापटिपीची. मी त्या जुड्यांकडे बघितलं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

प्रयोगशाळेत तुकडे दळले, चाळले, पारड्यात ठेवले. रेघ उतरायला लागली आणि चुकली. हिवाळ्यातल्या नमुन्यापेक्षा कडा उशिरा आली, उजवीकडे सरकली. मागे उरलेला कोळसाही कमी. मी पुन्हा केलं, तेच. यंत्र तपासलं, वायूची नळी तपासली, तराजू तपासला. माझं समीकरण हिवाळ्याच्या रेघेवर चपखल बसायचं, ते या रेघेवर बसेना. सर दाणे खायचे थांबले. "एकच रान, एकच पीक, आणि दोन स्वभाव? काहीतरी केलंयस तू." मी म्हटलं, "नाही सर, काही नाही केलं." सर म्हणाले, "धुतलंस का?"

मी नाहीच म्हटलं. आणि मग मला त्या पिशवीतल्या लख्ख जुड्या आठवल्या.

त्याचं शास्त्र साधं आहे. पऱ्हाटीत पोटॅश असतं, चुलीच्या राखेत असतं तेच. ते काडीच्या विघटनाला मदत करतं, लवकर सुटायला लावतं. काडी पाण्यात भिजवली की पोटॅश पाण्याबरोबर निघून जातं आणि मग काडी जरा जास्त धीर धरते, उशिरा मोडते. वरवर विसळून एवढा फरक पडत नाही. तुकडे करून, रात्रभर भिजत घालून, पाणी बदलून पुन्हा भिजवलं तर पडतो. माझ्या रेघेतला फरक चांगला बोटभर होता. म्हणजे एकदा नाही, दोन-तीन पाण्यांतून काढल्या होत्या. मी वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसून पडद्यावर हे वाचत होते, आणि मला त्या निळ्या पिंपावरची फळी दिसत होती, तिच्यावरचा दगड दिसत होता आणि तो दगड उचलणारा हात दिसत होता. मी खाली मान घातली. सरांना वाटलं, चूक कबूल करवत नाहीये.

सरांना मी एवढंच सांगितलं की घरच्यांनी धुऊन दिल्या. सर खुर्चीतून उठलेच. "अगं, मग हे तर सोनं आहे! आपण मुद्दाम करू. धुतलेली आणि न धुतलेली, दोन्हींची गणितं शेजारी मांडू. तुझा प्रबंधच बदलेल." आणि तसा तो बदलला. आज मी जिथं आहे तिथं त्या दोन रेघांनी मला आणून बसवलं. लोक त्यांबद्दल माझं कौतुक करतात तेव्हा मी इकडेतिकडे बघते. प्रबंधाच्या मराठी सारांशात मी लिहिलंय, 'नमुने पाण्याने धुण्यात आले.' शास्त्राच्या भाषेत सगळं आपोआप होतं. काम करणारं माणूस तिथं दिसत नाही, आणि पाणी कुठून आलं हेही कुणी विचारत नाही.

मुद्दाम धुवायचं तर ऊर्ध्वपातित पाणी हवं. ते करायचं यंत्र कोपऱ्यात होतं, काचेचं. त्यात एक बाटली शुद्ध पाणी मिळवायला वाफ गार करावी लागते, आणि त्यासाठी नळाचं पाणी सतत बाहेरून खेळवावं लागतं. ते कोमट होऊन नळीवाटे सरळ गटारात. दिवसभर धार. इतकी वर्षं ती धार कुणाला दिसली नव्हती, मलाही नव्हती. त्या दिवशी दिसली आणि मी नळीखाली बादली लावली. होस्टेललाही टँकर होता, आंघोळीला अर्धी बादली. संध्याकाळी फरहीननं ही खबर पसरवली आणि मुली बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. "अपने को गरम पानी, वो भी फोकट में!" कुणी मला दुवा दिली, कुणी केस धुऊन खुशीत निघून गेली. दुष्काळात पुण्य केल्यासारखं सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तुलनेला न धुतलेला नमुना कमी पडत होता, म्हणून त्याच आठवड्यात मी घरी गेले. दोन गोष्टी मनाशी ठरवल्या होत्या. एक, वहिनीला सांगायचं की पुन्हा धुवायचं नाही. आणि दुसरी, काही झालं तरी तिच्या बरोबरीनं पाण्याला जायचं. बशीतली बिस्किटं, भरलेली बादली, या सगळ्याला तिथंच आळा घालायचा आणि आपली जागा परत घ्यायची. एस.टी.त बसून मी भांडणाची वाक्यंसुद्धा तयार केली.

ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी विचारलं, "वहिनी, पऱ्हाट्या धुतल्या होत्यास का तू?"

तिचा हात परातीतच थांबला. "का? वास येत व्हता का?"

"नाही गं. यंत्रात कळलं."

"मशीनीत कळलं?" तिनं पिठाचे हात पदराला पुसले, असं ती कधी करत नसे. "चुकलं का माजं? लई चुकलं का? तुमाला नापास करत्याल का, ताई?"

मी तिला धरलं. नाही, उलट चांगलं झालं, सर खूश आहेत, असं भराभर बोलत सुटले. तिला ते पटायला वेळ लागला. मग ती हसली, कितीतरी दिवसांनी आधीसारखी. "मंग आजून देते की धुऊन! आज पानी येनारच हाय."

"नको. या वेळी न धुता हव्यात. तशाच, रानातून उपटलेल्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मळक्या? मातीसकट?" मग आवाज खाली करून म्हणाली, "आन् सर काय म्हनतील? हिच्या घरात कोन बाई हाय का नाय?"

एस.टी.त तयार केलेली वाक्यं इथं कुठंच बसत नव्हती. मला वाटत होतं, तिनं माझ्यासाठी पाणी घालवलं. तिच्या दृष्टीनं तिनं त्या पिशवीत स्वतःचं तोंड धुऊन पाठवलं होतं. आणि मी आता तिला सांगत होते की ते नको. एका शब्दानं मी तिचा मान काढून घेत होते आणि त्याला शास्त्र म्हणत होते. मी काहीबाही समजावलं, सरांना मातीचाही अभ्यास करायचाय असं म्हटलं. तिनं मान हलवली. पटलं नव्हतं, पण शिकलेल्या माणसापुढं काय बोलायचं, अशी ती हलवणी होती.

तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा झाला. मी उठले, कोपऱ्यातला मोठा हंडा उचलला आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. वहिनी मागून धावली. "ताई, नका हो. ऊन बगा केवडं हाय." मी ऐकलं नाही. "माझंही घर आहे हे," म्हटलं, जरा जोरातच. ती दुसरा हंडा घेऊन माझ्याबरोबर निघाली.

मारुतीच्या पारापुढं भांड्यांची रांग होती. रांगेवर राज्य गंगूबाईचं. म्हातारी, कुणाची चुलत सासू, कुणाची आत्या, सगळ्यांवर डाफरायचा तिला हक्क. माझ्या पुढं एक पोर होती, चौदा-पंधराची. भरलेली कळशी उचलताना तिचा तोल गेला आणि पाणी सांडलं. गंगूबाई कडाडली, "मुडद्याचे, डोळे काय गहान ठिवलेस का गं? तुज्या बापानं हिर खांदलीय हितं?" पोरीच्या आईनं वरून एक रट्टा घातला. सगळ्या बाया हसल्या, आणि गंमत म्हणजे ती पोरही ओठ दाबून हसली. शिव्या खात खात ती कळशी घेऊन निघालीसुद्धा.

माझी पाळी आली. वहिनी कुजबुजली, "अर्धाच भरा." मी काठोकाठ भरला. दोघींनी मिळून तो माझ्या डोक्यावर चढवला. पहिली चार पावलं बरी पडली. मग मानेतून काहीतरी लचकलं, चुंबळ सरकली आणि हंडा एका अंगाला कलला. मी सावरायला हात वर केला, तर तो पुरताच आडवा झाला. अंगावरून, पायांवरून सगळं पाणी धुळीत गेलं. थोडा वेळ त्याचं थारोळं चमकलं, मग मातीनं ते पिऊन टाकलं.

रांग गप्प झाली. टँकरच्या नळीचा आवाज तेवढा येत होता. मी गंगूबाईकडे बघितलं. तिचं तोंड उघडलेलं होतं. तिनं ते मिटलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ऊन लई हाय. बाईला सावलीत बसवा कुनीतरी." ज्या पोरीला रट्टा बसला होता, ती वळून माझ्याकडे टकमका बघत होती. तिच्या आईनं तिचं तोंड पुढं वळवलं. वहिनी पुढं झाली. तिनं माझा रिकामा हंडा सरळ उभा केला आणि आपल्या हंड्यातलं अर्धं पाणी त्यात ओतायला लागली.

एखादी तरी शिवी येईल म्हणून मी ओल्या कपड्यांनी, मान खाली घालून तिथंच उभी राहिले. बायका बाजूला सरकल्या आणि त्यांनी मला जायला वाट करून दिली.